गारगोटीची कूस

त्या राज्यात अखंड कुणाला राहू देत नसत. डोंगर फोडायचा, पोलादी जबड्यात चुरडायचा, मग लोखंडी गोळ्यांनी भरलेल्या फिरत्या पिंपात पाणी घालून त्याचं पीठ करायचं, अशी तिथली रीत. पुढं हौदात त्या पिठाला फेस आणत. तांब्याचे कण फेसाला धरून वर जात, उरलेला गाळ तळ्यात. वरच्यांचा मान मोठा. तळ्यातल्यांना कोण विचारतो?

एका दगडात गारगोटी राहायची. तिच्या कुशीत तांब्याचा इवलासा कण होता, तांबू. त्याला तिनं कधी वारासुद्धा लागू दिला नव्हता. शेजारी करडी मावशी, म्हणजे मॉलिब्डेनम नावाच्या धातूचा कण. अंगानं गुळगुळीत आणि बोलण्यानंही.

एक दिवस त्यांचा डोंगर फुटला. जबड्यानं दगडाचे तुकडे केले, पण गारगोटीनं लेकाला सोडलं नाही. पिंपात गोळे अंगावर आदळत होते, तरी मिठी तशीच. जो भरड राहील त्याला पुन्हा पिंपात ढकलत. तिलाही ढकललं. ती फिरून आली, पुन्हा ढकललं.

"अगं बाई, कशाला हट्ट करतेस?" एक म्हातारा गोळा म्हणाला. दगड फोडता फोडता तो स्वतःच लिंबाएवढा उरला होता.

"लेकरू आहे माझं. एकटं कुठं जाईल?"

"आणि तुझ्यासकट गेलं तर? तुझ्या वजनानं फेस त्याला उचलायचा नाही. दोघंही गाळात जाल. अशी किती मायलेकरं गेली माझ्यादेखत!"

गारगोटीनं कुशीतल्या लेकाकडं पाहिलं.

"आई, मला नाही जायचं वर," तांबू म्हणाला. गारगोटी शेजारणीकडं वळली.

"करडे, तू जाशील ना गं वर?"

"इश्श, मी तर जाणारच! माझ्या अंगाला पाणी लागतंय कुठं? चल रे बाळा, धर मला."

गारगोटीनं डोळे मिटले. "आजोबा, मारा आता. पण त्याला ओरखडा उठू देऊ नका."

गोळा उंच चढला आणि रडत रडत तिच्यावर पडला.

फेसावरून तांबूनं हाका मारमारून पाहिल्या. पीठ होऊन खाली बसणाऱ्या आईला ओ देता येत नव्हती. करडीनं पुढच्याच हौदात त्याला सोडलं. तिला गिऱ्हाईक वेगळं होतं.

वर्षं गेली. तांबू आगीतून गेला, आपल्यासारख्या असंख्यांत मिसळला, हातोड्याचे ठोके खात खात हंडा झाला. एका घरात पाणी भरता भरता तो काळा पडला. घरच्या बाईनं गाळाच्या सुकलेल्या तळ्यातली पांढरी माती पदरात आणली आणि मोरीत बसून हंडा घासायला घेतला. काठ, गळा, पोट, बूड, सगळीकडून माती हळूहळू फिरली.

"कुठली गं ही माती?" सासूनं विचारलं. "एवढं घासतेस, पण एक ओरखडा उठला नाही."

"तळ्यातली, आत्याबाई. फार मऊ आहे."

हंडा लखलखला. मग बाईनं त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, आणि माती ओघळून मोरीतून निघून गेली.