भलत्या वेळची तहान

एकदा एका म्हातारीला भलत्याच वेळी तहान लागली. म्हातारी साधीसुधी नव्हती, जलतरंग वाजवण्यात उभी हयात गेलेली. चिनी मातीचे पंधरा वाडगे अर्धगोलात मांडायचे, प्रत्येकात कमीजास्त पाणी ओतून, कमी तर चढा, जास्त तर उतरता, असा सूर लावायचा नि काड्यांनी वाजवायचे, हे तिचं काम. शहरातल्या वाद्यवृंदात तिची जागा चाळीस वर्षांची. पण आता हात कापायला लागले, म्हणून त्या संध्याकाळीही तिच्या जागी तिची शिष्या बसणार होती.

शिष्या काही लहान नव्हती. तिशी उलटलेली, एका लेकीची आई. पण भित्री अशी, की पाल चुकचुकली तरी आजचा कार्यक्रम बुडाला म्हणून धरून चालायची. त्यात मागच्या खेपेला तिचे दोन वाडगे बेसूर वाजले, तेव्हा संचालकांनी आवाजही न चढवता सांगून टाकलं होतं, की पुन्हा असं झालं तर जलतरंग बंद, तिथं कीबोर्डवाला बसेल. म्हणजे हिच्यापायी म्हातारीची चाळीस वर्षांची जागाही जाणार. तिची झोपच उडाली. शेवटी तिनं शक्कल लढवली. घरी वाडगे नीट सुरात लावले आणि प्रत्येकाच्या आत, पाणी जिथवर होतं तिथं, लेकीच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. आता ऐकायची कटकट नको. रेघेपर्यंत पाणी भरलं, की झालं.

नाट्यगृहात पहिली घंटा झाली. पडद्यामागे ती रेघांवर डोळे रोखून चमच्याचमच्यानं पाणी घालत होती.  भोवती सतारवाले, व्हायोलिनवाले खुंट्या पिळत होते, काहीबाही कुरकुरत होते. ते तिच्या कानावर पडत होतं, आत शिरत नव्हतं.

म्हातारी आली, वाडगे न्याहाळून गालात हसली. मग मधला, सा लावलेला वाडगा दोन्ही हातांनी उचलून त्यातलं घोटभर पाणी पिऊन मोकळी झाली. वर पदरानं तोंड पुसलं.

शिष्येच्या पायाखालची जमीनच सरकली.  तिनं घाईघाईनं पाणी पुन्हा रेघेला भिडवलं. म्हातारीनं वाडगा पुन्हा तोंडाला लावला.

"बाई, अहो काय करताय हे? दुसरी घंटा होईल आता."

"तहान लागलीय गं. तू रेघेपर्यंत भरत बस, मी पीत बसते. पोट फुगलं तर पाप तुझ्या माथी." आणि काडी तिच्या हातात कोंबून म्हणाली, "वाजव."

पेटीवाला सा धरून बसला होता. शिष्येनं डोळे मिटून, आता फुटक्या मडक्यासारखं काहीतरी वाजणार अशा तयारीनं काडी मारली. वाडग्याचा आवाज पेटीच्या सुरात असा विरघळला, की कुठला कुणाचा ते कळेना. तिनं शेजारचा वाडगा वाजवला. उतरलेला. त्याच्या पलीकडचा, तोही उतरलेला. भराभर सगळे वाजवून पाहिले. म्हातारीनं नासवलेला तेवढा बरोबर, आणि रेघेवरचे चौदाच्या चौदा चूक. 

दुसरी घंटा झाली. तिनं म्हातारीकडे पाहिलं, तर म्हातारी पाठ फिरवून बसलेली. मग वाजव, चमचाभर पाणी काढ, ऐक, पुन्हा वाजव, असं चाललं. कपाळाचा घाम वाडग्यात पडू नये म्हणून मान मागे धरायची. लाल रेघा सगळ्या पाण्याच्या वर कोरड्या राहिल्या. शेवटचा वाडगा लागला आणि तिसरी घंटा झाली.

कार्यक्रमभर ती भ्यालेलीच होती, पण एक वाडगा चुकला नाही. पडदा पडल्यावर संचालकांनी जाताजाता मान हलवली. कीबोर्डचं नाव काढलं नाही.

आवराआवर करताना तिनं विचारलं, की हे आधीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

म्हातारी म्हणाली, "नेहमीची पेटी बिघडली, दुसऱ्या कुणाची मागून आणलेली आली. ती केसभर चढी. सगळ्यांनी तिच्याशी जुळवून घेतलं, तू तिथंच होतीस की. पण भ्यालेला माणूस ऐकायचं सोडून खुणा बघत बसतो. तुझ्या रेघा खोट्या नव्हत्या गं, त्या घरातल्या सुराच्या होत्या. मी सांगितलं असतं, तर रेघेच्या जागी मला धरून बसली असतीस."

"आणि मला ऐकू आलंच नसतं तर?"

"तर दोघी घरी पापड लाटत बसलो असतो. मी काय कमी भ्याले होते? म्हणून तर पाठ फिरवली. तुझं तोंड बघितलं असतं, तर माझ्या तोंडून निघूनच गेलं असतं."

शिष्या वाडगे एकेक करून बादलीत रिकामे करू लागली. शेवटचा रिता करण्याआधी तिनं त्यावर हलकेच काडी टेकवली, आणि तो आवाज पार विझेपर्यंत दोघी ऐकत राहिल्या.

भीती काय, सगळ्यांनाच वाटते. वाटू द्यावी. कान तेवढे तिच्या ताब्यात देऊ नयेत.