ओतण्याची वेळ

“…पण नेमकी वेळ कोणती, फादर? तेवढं एकदा सांगून टाका.”

वैजयंती मोगल सकाळपासून हेच विचारत होती.

फादर ऑगस्तीन तुस्कानो लाकडी पिंपाला कान लावून बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. मूळचे वसईचे, पण अर्धं आयुष्य दिंडोरीकडच्या टेकडीवरच्या या लहानशा मठात गेलेलं. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, लागणारी वाइन ते मठाच्या तळघरात करत, आणि शिकायला येईल त्याला शिकवत.

“काय ऐकू येतंय, बाय?” त्यांनी विचारलं.

“फसफस.”

“म्हणजे आत काय चाललंय?”

वैजयंतीला राग आला. फ्रान्समध्ये जाऊन ती हेच तर शिकून आली होती.

“यीस्ट रसातली साखर खातंय. त्या साखरेची दारू होतेय. सगळी साखर संपली की वाइन कोरडी होणार. त्याआधीच द्राक्षाची कडक दारू आत ओतली तर यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते. वाइन गोडही होते आणि कडकही. पोर्ट नावाची वाइन अशीच करतात. फादर, नोकरीत असताना हे मी वर्गात शिकवायचे.”

“छान शिकवतेस.”

“मग वेळ सांगा ना!”

फादरांनी पुन्हा पिंपाला कान लावला.

ती का घायकुतीला आली होती, ते त्यांना ठाऊक होतं. ओझरजवळचा मळा तिच्या वडिलांनी लावलेला. ते गेल्यावर तिने नोकरी सोडली आणि त्या द्राक्षांची अशी वाइन करायची ठरवलं, की पिणाऱ्याने विचारावं, ही कुठली. पहिल्या मोसमात ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणता म्हणता साखर संपून गेली. तिने सगळी वाइन ओढ्यात ओतली. दुसऱ्या मोसमातही तेच झालं. मग थोरल्या भावाने, जगन्नाथने, शांतपणे सांगितलं, “वैजू, हा मोसम शेवटचा. नंतर वेली काढून पेरू लावतो.”

म्हणून यंदा ती द्राक्षांचे क्रेट घेऊन थेट मठातच आली होती.

रस दोन पिंपांत भरला होता. दोन्हींत एकाच मळ्याची द्राक्षं, एकाच दिवशी चिरडलेली. प्रत्येक पिंपाजवळ कडक दारूची एकेक कळशी झाकून ठेवली होती.

वैजयंतीने साखर मोजायची काचेची नळी रसात सोडली. वाकून आकडा पाहिला.

“अजून थोडं,” ती म्हणाली.

“थोडं काय?”

“साखर उतरायला हवी. आत्ता ओतली तर पाकासारखी लागेल.”

थोड्या वेळाने तिने पुन्हा नळी सोडली.

“आता?” फादरांनी विचारलं.

“अजून थोडं…”

फादर गुडघ्यावर हात टेकून उठले. पहिल्या कळशीवरचं झाकण काढलं. दोन्ही हातांनी कळशी छातीशी धरली, आणि पिंपावर वाकवली.

“फादर! थांबा!”

ते थांबले नाहीत. कळशी रिकामी होईपर्यंत ओतत राहिले. दारूच्या वासाने तळघर भरून गेलं. मग त्यांनी लाकडी दांड्याने रस खालपासून वरपर्यंत ढवळला.

फसफस मंदावत गेली. मंदावत मंदावत थांबली.

“हे लवकर झालं,” वैजयंती म्हणाली.

“झालं.”

“चूक झाली ही!”

“झाली.”

“माझी शेवटची द्राक्षं होती, फादर…”

“अर्धी.”

या माणसाला काय म्हणावं तेच तिला कळेना. वयाचा मान राखायचा म्हणून ती गप्प राहिली, एवढंच.

फादरांनी पळीभर वाइन काढून तिच्यापुढे धरली.

“घे.”

“नको.”

“घे, बाय.”

तिने पळी तोंडाला लावली. वाइन अतिगोड होती. कच्ची होती. घसा पोळत खाली गेली. आणि मग, श्वास सोडताना, नाकात तिच्याच मळ्याचा वास आला. दुपारच्या उन्हात तापलेल्या घडांचा, पानांच्या सावलीतल्या मातीचा. दोन मोसमांत तिने हा वास फक्त रसात घेतला होता. वाइनमध्ये कधीच नाही.

“कशी आहे?” फादरांनी विचारलं.

“चुकलेली.”

“आणि?”

तिने पळीतला उरलेला थेंब जिभेवर घेतला.

“…माझी आहे.”

फादरांनी पळी परत घेतली. “मागच्या दोन खेपांना ओढ्यात ओतलीस, ती वाइन आंबट होती?”

“नाही. कोरडी झाली होती. गोडी गेली होती.”

“स्पेनमध्ये लोक वाइन कोरडी होऊ देतात. मग दारू ओततात, आणि वर्षानुवर्षं जपतात.”

“शेरी. मला ठाऊक आहे.”

“ठाऊक होतं?”

“हो.”

“तरी ओढ्याला दिलीस.”

वैजयंतीने मान खाली घातली. पोर्ट व्हावी म्हणून हट्ट धरून बसलेल्या तिने, जी झाली होती तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या पिंपात फसफस चालूच होती.

“माझे हात भरून आले,” फादर म्हणाले. “ही कळशी तू उचल.”

“कधी?”

फादरांनी स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

“फादर… आता?”

उत्तर नाही.

“आता का?”

तिला फक्त त्यांची वाकलेली पाठ दिसत होती. त्यांचा चेहरा दिसला असता तर त्यावरून काहीतरी ताडता आलं असतं.

तिने नळी सोडली. नळीने आकडा सांगितला. ओत, असं काही सांगितलं नाही.

तिने बोट बुडवून रस चाखला. गोड होता, पण आता गोडीच्या मागे किंचित तुरटपणा यायला लागला होता. वडील घड तोडण्याआधी एक मणी तोंडात टाकायचे आणि डोळे मिटायचे. त्यांना कोणी आकडा विचारला असता तर ते हसले असते. त्यांचेही काही मोसम चुकले होतेच. वेली मात्र त्यांनी उपटल्या नव्हत्या.

तिने अजून थोडी वाट पाहिली. ‘अजून थोडं’ हे शब्द पुन्हा तिच्या ओठांवर आले…

तिने कळशी उचलली.

थोडी दारू जमिनीवर सांडली, बाकीची पिंपात गेली. तिने दांडा घेतला आणि घाम येईपर्यंत ढवळत राहिली. तळघर शांत झालं. इतकं शांत, की वरच्या अंगणात कोणीतरी झाडत होतं ते ऐकू आलं.

तिला एकदम हलकं वाटलं. भीती गेली नव्हती, पण हात मोकळे झाले होते. संध्याकाळी जगन्नाथदादाला फोन करायचा, तिने ठरवलं. वेलींना हात लावू नकोस म्हणायचं. भांडावं लागलं तर भांडायचं.

“फादर,” ती म्हणाली, “बरोबर झालं का?”

फादर भिंतीकडून वळले. दुसऱ्या पिंपाजवळ आले, पण त्यांनी वाइन चाखली नाही. फक्त पिंपाचं झाकण नीट बसवलं.

“दोन वर्षं मुरू दे. मग चाखून सांगू.”

“दोन वर्षांनी? पण तेव्हा तुम्ही…”

पुढचे शब्द तिने गिळले. तोंडातून निघून गेलं याची तिला लाज वाटली.

फादर हसले. अगदी मनापासून, सगळ्या सुरकुत्यांसकट.

“मी नसलो,” ते म्हणाले, “तरी दोन पेले भर.”