परसातला खुंट

ठक्. ठक्. ठक्.

ओल्या मातीत खुंट ठोकल्याचा तो आवाज. ऐकून किती वर्षे झाली, पण अजून माझ्या कानात आहे. तो आठवला की ही गोष्ट आठवते. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात, एका घरात दोन जावा राहत होत्या. थोरलीचा जीव म्हशींवर, धाकटीचा झाडांवर. घरामागे परसात जमिनीचा एक मोकळा तुकडा होता आणि तो दोघींनाही हवा होता. थोरलीला तिथे गोठा वाढवायचा होता. धाकटीने माहेरून पदराच्या गाठीत टोमॅटोचे बी आणले होते.

सासू म्हणाली, "धाकटे, एक हंगाम देते. टोमॅटो पिकले तर जागा तुझी. वाळले तर म्हशींची."

थोरलीला दम कुठला! त्याच दिवशी वाफ्याच्या कडेला तिने म्हशीचा खुंट ठोकला. ठक्, ठक्, ठक्.

"आत्ताच कशाला, आक्का?" धाकटीने विचारले.

"पुढे माती कडक होते बाई. खुंट आत जात नाही," थोरली हसून म्हणाली.

धाकटी कामाला लागली. तिने रोपे लावली. पाने भिजू न देता बुडाशी पाणी घातले. वाळला पाला पसरून ओल धरली. रोपे गुडघ्याएवढी झाली, तेव्हा शेजारी काठ्या रोवल्या.

मग वारा सुटला. एक रोप मोडले. धाकटी घाबरली. तिने सुतळी घेतली आणि प्रत्येक रोप काठीला करकचून बांधले.

"आता हला बघू," ती रोपांना म्हणाली.

वारा गेला. रोपे उभी होती. पण पुढे पुढे शेंडे माना टाकू लागले. धाकटीने पाणी वाढवले. पाने पिवळी पडली.

"आमची म्हैस विचारतेय, राहायला कधी येऊ?" थोरली म्हणाली.

धाकटी न्हाणीमागे जाऊन रडली. तोंड धुतले आणि परत वाफ्यात आली. "एकही रोप उपटणार नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

तेवढ्यात तिला गोठ्यात थोरली दिसली. थोरली रेडकाच्या गळ्यातले दावे सोडून पुन्हा सैल बांधत होती. दाव्याखाली हात घालून पाहत होती.

"चांगलं बांधलेलं होतं की, आक्का."

"बांधलं तेव्हा चांगलं होतं. रेडकू वाढतं ना गं. दावं कुठे वाढतं? रुतेल गळ्यात."

धाकटी तशीच वाफ्याकडे धावली. वाकून पाहिले. खोडे जाडावली होती आणि सुतळी सालीत रुतली होती.

भर उन्हात ती वाफ्यात बसली. खोडाला धक्का न लावता विळ्याच्या टोकाने एकेक गाठ कापली. आपले जुने मऊ लुगडे फाडून पट्ट्या केल्या. काठीला पट्टी घट्ट, रोपाभोवती मात्र बोट फिरेल इतकी सैल. काही रोपे गेलीच. उरलेल्यांच्या गाठी ती रोज सकाळी पाहू लागली. खोड जाडावले की पट्टी सोडायची, पुन्हा बांधायची. एकही सकाळ तिने चुकवली नाही.

शेंडे वर आले. फुले आली. मग हिरव्यात लाल दिसू लागले.

पहिली टोपली धाकटीने थोरलीपुढे ठेवली. "आक्का, ही तुमच्या रेडकाची. गाठ कशी बांधावी, ते मला त्याच्यामुळे कळलं."

थोरलीने एक टोमॅटो पदराला पुसून खाल्ला. मग ती वाफ्याच्या कडेला गेली. दोन्ही हातांनी हलवून हलवून तिने खुंट उपटला, काखेत मारला आणि गोठ्याकडे निघून गेली.

वाढणाऱ्याला आधार भक्कम द्यावा, पण गाठ सैल ठेवावी.