आबासाहेबांचा समुद्र

तरसगावात म्हाकू नावाचा एक भोळा गडी होता. गावात शहाणे पुष्कळ, म्हणून तर नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. भोळा मात्र हा एकटाच. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. अशी माणसं फार घातक.

त्याच गावात आबासाहेब होते, पाणी बचत मंडळाचे अध्यक्ष. पाणी कसं वाचवायचं ते बघायला ते एकदा परदेशी दौऱ्यावर गेले आणि येताना घरात समुद्र पाळायचं वेड घेऊन आले. दिवाणखान्यात काचेची लांबलचक टाकी बसली. तीत खारं पाणी, रंगीत मासे आणि पोवळी. अंगठीतली नव्हेत, जिवंत. दगडाला चिकटलेली, दिवा लागला की बारीक बारीक बोटं बाहेर काढून डुलणारी. या टाकीला नळाचं पाणी चालत नसे. ते गाळायला एक यंत्र होतं. एक बादली चोख पाणी काढायचं आणि तीन बादल्या गटारात सोडायचं. गटारापलीकडं बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असत. नळ कोरडा, पण गटार बारमाही.

हा समुद्र राखायला म्हाकूला ठेवला. आधी तो मामाची मेंढरं राखायचा. मामा उठता बसता शिव्या द्यायचा. पोवळी शिव्या देत नव्हती, त्यामुळं म्हाकूचा जीव रमला. एक हिरवं पोवळं होतं, त्याला तो ‘बाई’ म्हणायचा. दिवा लावला की बाई हात हलवायची. म्हाकूला आजवर कुणी असं हात हलवून बोलावलं नव्हतं.

आणि एके सकाळी बाईनं हात आत घेतले. बाकीची पोवळीही आक्रसली. दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं.

आबासाहेब कडाडले, “म्हाक्या, महिन्यानं मुंबईचे सोनटक्के साहेब येणारेत. ‘गोड पाण्याचं गाव’ हे बक्षीस आपल्याला द्यायला. त्यांना मला हा समुद्र दाखवायचाय. तोवर पोवळी फुलली नाहीत, तर तू परत मामाच्या मेंढरांमागं. महिना आहे तुझ्या हातात!”

म्हाकूनं दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग “व्हय आबा” म्हणाला.

म्हाकूनं पुण्याच्या आगटे सरांना, माशांच्या टाक्यांच्या जाणकारांना, फोन लावला. सरांनी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता, पण टाक्या दोनशे पाहिल्या होत्या. त्यांनी पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघायला लावला. जेवढा रंग गडद, तेवढी पाण्यात घाण. रंग आला गडद गुलाबी.

“खाणं जास्त होतंय,” सर म्हणाले. “उरतं, कुजतं, पाण्याला खत मिळतं आणि शेवाळ माजतं. उद्यापासून खाणं निम्मं कर.”

दुसऱ्या दिवशी म्हाकू पहाटे ब्लेड घेऊन बसला. माशांचं खाणं म्हणजे मोहरीएवढे दाणे. एकेक दाणा चिमटीत धरला, एकेक निम्मा केला. दुपारी दोन बोटांना चिंध्या बांधल्या आणि पुढं चालू. असं आठ दिवस. आठ दिवसांनी रंग बघितला तर पहिल्यापेक्षा गुलाबी.

“अरे, निम्मं केलंस ना?” आबासाहेबांनी विचारलं.

“एक दाणा अख्खा सोडला न्हाई, आबा.”

“आणि दुसरे निम्मे कुठायत?”

“त्येबी टाकले की आत. वाया कशाला घालवू?”

आबासाहेबांनी कपाळ बडवून घेतलं. “अरे येड्या, अर्धं आत टाकलं की उरलेलं अर्धं बाहेर फेकायचं असतं!”

“असं व्हय? ध्यानात ठिवलं.”

त्यानं खरंच ध्यानात ठेवलं. तीच तर अडचण.

सर म्हणाले, “आता पाणीच बदल. थोडं काढायचं, तेवढं नवं घालायचं. नव्या पाण्यात समुद्राच्या मिठाचं अर्धं पोतं विरघळव.” कोठीत मिठाची वीस पोती रचलेली होती. म्हाकूनं एक फोडलं. अर्धं मीठ पिंपात विरघळवलं. उरलेलं अर्धं खिडकीतून बाहेर फेकलं. खिडकीखाली वैनीसाहेबांचा गुलाबांचा ताटवा होता. सोनटक्के साहेबांचा हार याच गुलाबांचा व्हायचा होता. चार दिवसांत ताटव्याचा नुसता झाडू झाला.

“मेल्या, माझ्या गुलाबांवर मीठ टाकलंस?”

“आबा म्हणले, बाहेर फेक. खिडकीच्या बाहेर ह्येच हुतं, वैनीसाहेब.”

वैनीसाहेब आबांकडं वळल्या. आबा म्हाकूकडं वळले. “उरलेलं कधी फेकतात का रे? उरलेलं डब्यात घालायचं, झाकण घट्ट लावायचं आणि फडताळात ठेवायचं!”

“डब्यात, झाकण, फडताळ,” म्हाकूनं बोटांवर मोजून पाठ केलं. “ध्यानात ठिवलं.”

पाणी बदल असं सरांनी सांगितलं होतं. थांब असं सांगितलं नव्हतं. म्हाकूनं ते रोज बदललं. सहा पोती मीठ संपलं. शेवाळ गेलं, पाणी दिसेनासं व्हावं इतकं निर्मळ झालं. औषधाचे थेंब टाकले तर रंगच येईना. आणि पोवळी पांढरीफटक पडली. बाई तर राखुंडीसारखी दिसायला लागली.

“आता पाणी नको तितकं स्वच्छ झालं,” सर म्हणाले. “उपाशी आहेत ती. पोवळ्यांना थोडी घाण लागते.”

आबासाहेब चक्रावले. “अहो सर, अख्खं गाव घाणीत लोळतंय, आणि माझ्याच घरात घाणीचा दुष्काळ?”

“मी सहा मासे पाठवतो. ते खातील, घाण करतील, पोवळ्यांना पोषण मिळेल. फक्त सगळे एकदम सोडू नका. आज अर्धे सोडा, उरलेले उद्या.”

मासे पिशवीतल्या पाण्यातून आले. म्हाकूनं तीन टाकीत सोडले. उरले तीन. उरलेल्यांचं काय करायचं ते त्याला पाठ होतं. स्टीलचा डबा, घट्ट झाकण, फडताळ. दुसऱ्या दिवशी चिवड्याचा म्हणून वैनीसाहेबांनी नेमका तोच डबा पाहुण्यांपुढं उघडला. पाहुणे चहा न घेताच गेले.

“कसाई आहेस की माणूस?” आबासाहेब ओरडले. “अरे, जीव तो! आत कसा तडफडला असेल, तोंड उघडत मिटत! जीव तडफडताना दिसला की विचारत बसायचं नाही. उचलायचा आणि आधी पाण्यात सोडायचा!”

म्हाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. “चुकलं, आबा. ह्ये मातूर मरेस्तवर ध्यानात ठिवीन.”

महिना संपत आला. शनिवार उजाडला, उद्या साहेब येणार. आबासाहेब त्यांना आणायला मुंबईला गेले. बाई हात बाहेर काढीना. म्हाकूला लांबून मेंढरांची बेंबें ऐकू यायला लागली. त्यानं रडत सरांना फोन लावला.

सरही कंटाळले होते. “अरे, मूळ दुखणं टाकीचंच आहे. लहान टाकीत जरा जास्त झालं की घाण, जरा कमी झालं की उपास. मोठ्या टाकीत सगळं आपोआप सांभाळून जातं. एखादी मोठी टाकी बघ आता.”

म्हाकूनं खिडकीतून बाहेर बघितलं. समोर गावची पाण्याची टाकी उभी होती. सरांनी बघ म्हटलं होतं, त्यानं बघितली. चांगली मोठी होती.

आत गुडघाभर पाणी होतं. त्याला नऊ पोती मीठ लागलं. मेंढरं खांद्यावर घेऊन डोंगर चढलेला गडी, नऊ वेळा शिडी चढला नि उतरला. प्रत्येक पोत्यानंतर खारटपणा मोजायच्या यंत्रानं मोजलं. समुद्राला लागतो तो आकडा पस्तीस. पस्तीस भरल्यावर त्यानं बादलीतून मासे नेले, पोवळी नेली, आणि शेवटी बाईला दोन्ही हातांनी अलगद पाण्यात ठेवलं. “आता हात हलव गं बाई,” म्हणाला.

रविवारी आबासाहेबांच्या दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टाकीवर जरीचा पडदा टाकला होता. साहेबांच्या मानासाठी नळाला पाचव्याच दिवशी पाणी सोडलं होतं. सोनटक्के साहेबांनी आधी भाषण वाचलं. ते मुंबईहूनच लिहून आणलेलं होतं. “तरसगावच्या पाण्याची गोडी,” साहेब म्हणाले, “मी जन्मभर विसरणार नाही.” टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, “आता चव घेऊ. बाटली नको. नळाचंच द्या.”

वैनीसाहेबांनी चांदीचा पेला भरून दिला. तिकडं आबासाहेबांनी ऐटीत पडदा ओढला. टाकीत पाणी आणि चार दगड.

“म्हाक्या, माझा समुद्र कुठाय?”

“मोठ्या टाकीत सोडला, आबा. गावच्या. लई ऐसपैस झालंय.”

आबासाहेब वळेपर्यंत साहेबांनी अख्खा पेला एका घोटात रिता केला होता. साहेबांचे डोळे बाहेर आले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ते गालिच्यावर आडवे झाले आणि हातपाय झाडायला लागले. जमलेली सगळी शहाणी माणसं एकमेकांकडं बघत राहिली. डॉक्टरला बोलवायचा मान अध्यक्षांचा की उपाध्यक्षांचा, यावर कुजबुज सुरू झाली.

म्हाकूनं मात्र एकच बघितलं. जीव तडफडतोय. तोंड उघडतोय, मिटतोय. तो विचारत बसला नाही. एडका उचलावा तसे त्यानं साहेब उचलले, उलटे केले आणि धबाक्कन टाकीत सोडले.

“म्हाक्या!” आबासाहेब किंचाळले. “अरे, मरतील ना ते! काय केलंस हे?”

साहेबांचे दोन्ही पाय छातीशी घट्ट धरून म्हाकू हसला. आता मेंढरं कायमची सुटली, अशी त्याची खात्रीच झाली होती.

“घाबरू नका, आबा. एकदम न्हाई सोडलं, सर म्हणले तसंच केलंय. आज सायबांना कमरेपातूर सोडलंय. उरलेले उद्या सोडतो.”