सिद्राम अभिप्राय देतो

एका गावात एक भोळा वाचक होता. त्याचं नाव सिद्राम. छाती पुढं काढून तो सांगायचा, "आपल्या वाचनालयातली एक्केचाळीस पुस्तकं मी वाचलीत. पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत."

ऐकणारा हात जोडायच्या बेतात आला, की सिद्रामच पुढं सांगायचा, "म्हणजे पुस्तक एकच. वाचलंय एक्केचाळीस वेळा. आणि मागचा पुठ्ठा नाही त्याला."

मागचा पुठ्ठा जाताना शेवटचं पानही घेऊन गेला होता. उरलेल्या पानावर इंदुमती दार उघडते, समोरच्या माणसाकडं बघते आणि म्हणते, "तुम्ही?" पुढं काही नाही. दारात कोण होतं, या काळजीनं गेल्या सोळा वर्षांत सिद्रामचा निम्मा जीव झाला होता. पान परत आलं असेल या आशेनं तो पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचा.

वाचनालय चालवायची सुगंधाक्का. दर शुक्रवारी सिद्राम तिची कपाटं पुसून द्यायचा, त्यामुळं किल्ली त्याच्याकडंच. दर शनिवारी गाव जमायचं आणि एकेक जण नुकत्याच वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय द्यायचा. सिद्राम नुसता बसून असायचा.

एकदा आक्का म्हणाली, "सिद्राम, दुसरी पुस्तकं वाच. एका शनिवारी तरी धड अभिप्राय दे. मी तालुक्याहून तुझ्या इंदुमतीची अख्खी प्रत मागवते."

सिद्रामला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यानं एक रहस्यकथा नेली. ती वाचायला अकरा माणसं नंबर लावून बसली होती. शनिवारी तो उभा राहिला. "पुस्तक फार चांगलं आहे. खून कंपाउंडरनं केलाय."

अकरा माणसं एकदम उठली. आक्कानं त्यांना कसंबसं बसवलं आणि सिद्रामला बाजूला घेतलं. "अरे, शेवट सांगायचा नसतो. लोकांची उत्सुकता राहिली पाहिजे."

"ध्यानात ठेवतो, आक्का," सिद्राम म्हणाला. आणि त्यानं ठेवलं.

पुढच्या खेपेला त्यानं पाककृतींचं पुस्तक नेलं. शनिवारी सगळ्या बायका पुढं सरकून बसल्या, कारण पुस्तकात कुकरमधला केक होता. सिद्राम म्हणाला, "रवा, दही, साखर घ्या. सोडा घाला. कुकरची शिट्टी काढा. आत पाणी घालू नका. भांडं ठेवून मंद गॅसवर चढवा. गॅस कधी बंद करायचा, ते मात्र सांगणार नाही."

"का रे बाबा?"

"उत्सुकता राहिली पाहिजे."

रविवारी नऊ घरांतल्या बायका दिवेलागणीपर्यंत उत्सुक राहिल्या. नऊ केक निघाले. त्यांतला एक अजून वाचनालयाच्या दाराला आहे. वाऱ्यानं दार आपटायचं, ते थांबलं.

आक्का म्हणाली, "अरे, कामाच्या पुस्तकात लपवायचं नसतं. पुस्तकात असेल ते आधी स्वतः करून बघावं. आणि जे झालं ते सगळ्यांपुढं सांगावं."

"ध्यानात ठेवतो, आक्का." आणि त्यानं ठेवलं.

तिसरं पुस्तक निघालं एका चोराची कादंबरी. शनिवारी सिद्राम म्हणाला, "पुस्तक अगदी पटण्यासारखं आहे. यात लिहिलंय, भर दुपारी म्हैस सोडली आणि सावकाश चालत निघालं, तर कुणी काही विचारत नाही. मी करून बघितलं. खरंच कुणी विचारलं नाही. दौलू पाटलांनी तर वाटेत थांबवून तंबाखू दिली."

दौलू पाटील पहिल्या रांगेत होते. बुधवारपासून म्हैस हुडकून त्यांचे पाय सुजले होते. ते म्हणाले, "कुणाची म्हैस?"

"तुमचीच."

"आणि मी तंबाखू दिली?"

"चुनाही दिलात. म्हशीच्या पाठीवर हात फिरवून म्हणालात, जनावर झकास आहे."

पाटलांनी कपाळाला हात लावला आणि त्याच हातानं काठी उचलली. आक्का मधे पडली म्हणून सिद्राम वाचला. ती म्हणाली, "अरे, कादंबरी ती. लेखकानं सगळं मनानं रचलेलं असतं. त्यातली माणसंसुद्धा खरी नसतात. उभा राहिलास की आधी तेच सांगून टाकत जा."

"ध्यानात ठेवतो, आक्का." आणि त्यानं ठेवलं.

चौथ्या शनिवारी वाचनालयाचे अध्यक्ष अंकलीकर गुरुजी यांच्या आत्मचरित्राचं प्रकाशन होतं. चारशे साठ पानं. गुरुजी शाल पांघरून बसले होते, शेजारी त्यांच्या मंडळी. सिद्राम उभा राहिला. "सुरुवातीलाच सांगतो, हे सगळं लेखकानं मनानं रचलेलं आहे. यातलं काहीही घडलेलं नाही. अंकलीकर गुरुजी नावाचे गृहस्थही खरे नाहीत."

गुरुजींनी शाल घट्ट ओढून घेतली.

सिद्राम म्हणाला, "पण बुडणाऱ्या तिघांना वाचवायला गुरुजी पुरात उडी टाकतात, ते रचलंय मात्र सुरेख."

"उडी?" गुरुजींच्या मंडळी म्हणाल्या. "बादलीत पाय घालताना भिंत धरतात हे."

सगळं गाव शालीकडं बघायला लागलं. गुरुजी तेवढ्यात घाईघाईनं हातातला सत्काराचा नारळ न्याहाळू लागले.

आक्का सिद्रामला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. "अरे, लेखकाचं मन दुखवू नये. पुस्तक कसंही असो, वाचून झाल्यावर म्हणावं, हे पुस्तक संपूच नये असं वाटलं."

"ध्यानात ठेवतो, आक्का. मग माझी इंदुमती?"

"आधी धड बोल."

पण गुरुजींच्या मंडळी हट्टाला पेटल्या. चाळीस वर्षांत इतका खरा अभिप्राय आपण ऐकला नाही, या माणसाला पुस्तक मिळालंच पाहिजे, असं त्यांनी आक्काला बजावलं. मग तालुक्याहून इंदुमती आली. सगळ्या जिल्ह्यात तेवढीच अख्खी प्रत. आक्कानं शेवटचं पान आहे ना ते नीट बघितलं आणि पुस्तक सिद्रामच्या हातात दिलं. त्यानं ते टोपीत गुंडाळून घरी नेलं.

शनिवारी गाव झाडून हजर. दारात कोण होतं, याची आता सगळ्यांनाच उत्सुकता लागलेली. सिद्राम उभा राहिला.

"हे पुस्तक संपूच नये असं वाटलं."

टाळ्या पडल्या. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच धड बोलला होता.

"म्हणून मी ते संपू दिलं नाही," सिद्राम म्हणाला. "इंदुमती 'तुम्ही?' म्हणाली, तसे डोळे घट्ट मिटले आणि पुढचं पान फाडलं. जवळ ठेवलं असतं तर वाचलं गेलं असतं. म्हणून पाटलांच्या म्हशीला चारलं. तिची माझी ओळख आहे."

टाळ्या थांबल्या. आक्का खुर्चीवर टेकली.

"मग वाटलं, आपल्या एकट्याचंच पुस्तक का? काल कपाटं पुसायची होतीच. चारी कपाटांतल्या सगळ्या पुस्तकांची शेवटची पानं काढली. आता आपल्या वाचनालयातलं एकही पुस्तक संपत नाही, आक्का. फक्त गुरुजींचं तेवढं अख्खं ठेवलंय."

गुरुजींचा चेहरा जरा उजळला. "माझंच का?"

"ते कधी संपतंय असंच वाटत होतं."

मग सिद्रामच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. सोळा वर्षांची काळजी म्हशीच्या पोटात गेली होती, हे त्याला आत्ता कळत होतं. तो आक्काजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "आक्का, पण दारात कोण होतं?"

आक्कानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. "पुस्तक तुला द्यायच्या आधी मी वाचलंय ते पान," ती म्हणाली. "पण शेवट सांगायचा नसतो, सिद्राम."