डोक्यावरची रेघ

"...पण गुरुजी, इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर रेघ येतेच कशी?"

शर्वरीबाईंनी हा प्रश्न फाटकातूनच टाकला. त्यांच्या मागे दुसरीतली कस्तुरी पाटी छातीशी धरून उभी होती. शाळा सुटल्यावर मॅडम आपल्याला इकडे कशाला घेऊन आल्या, याचा तिला काही पत्ता नव्हता.

दत्तोबा गुरुजी अंगणात पोत्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी वाडीच्या शाळेतलं कुणी अडलं, की पाय आपोआप या अंगणाकडे वळत. शर्वरीबाईंचे मात्र आज पहिल्यांदाच वळले होते, आणि तेही जरा नाखुशीनंच.

"बसा की, बाई."

शर्वरीबाईंना 'मॅडम' ऐकायची सवय. हे 'बाई' कानाला जरा टोचलं. पण काम आपलं होतं, म्हणून त्या बसल्या.

"पाटी दाखव गं."

कस्तुरीनं पाटी पुढे केली. तीन अक्षरं. सी, ए, टी. वळणदार, एका उंचीची, नजर लागावी अशी. आणि तिन्हींच्या डोक्यावरून ओढलेली एक सरळ रेघ.

गुरुजींनी पाटी लांब धरून पाहिली.

"झकास! साहेबाला फेटा बांधलाय."

कस्तुरी खुदकन हसली. शर्वरीबाई हसल्या नाहीत.

"चेष्टा नाही, गुरुजी. मी पुसते, ही ओढते. रागावून झालं, समजावून झालं. रेघ काही सुटत नाही. उद्या केंद्रप्रमुख येणार आहेत, मुलांचं इंग्रजी वाचन ऐकायला."

"येऊ देत की."

"सगळा वर्ग तयार आहे माझा. 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' ही घोकंपट्टी मी आल्या आल्या बंद केली. मी अक्षरांचे आवाज शिकवते. सीचा क, एचा अ‍ॅ, टीचा ट. अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो."

"ऐकू येतं. इथंवर येतं."

याला कौतुक समजावं की काय, हे शर्वरीबाईंना कळेना. त्यांनी कौतुकच समजायचं ठरवलं.

"ही एकटीच राहिली. म्हणून मी हिला दाराशी बसवलंय. रेघ सुटली, की घेईन परत ओळीत."

"मग सुटली?"

"नाही." शर्वरीबाईंचा आवाज खाली आला. "रेघ तशीच आहे. पण तेव्हापासून ही वर्गात तोंडच उघडत नाही. पूर्वी सगळ्यात आधी हात वर करायची, गुरुजी. आता विचारलं तरी गप्प..."

पोरगी त्यांना मनापासून आवडायची, खरी गोष्ट ही होती. आवडत्या पोराच्या चुकीचा राग जास्त येतो, आणि राग आला की मग आपलीच झोप उडते. दाराशी बसलेली ती दोन वेण्यांची पाठमोरी आकृती शर्वरीबाईंना घरी भाकरी थापतानाही दिसायची.

गुरुजींनी मूठभर दाणे कस्तुरीच्या ओंजळीत घातले.

मग पाटी पुसून त्यांनी शर्वरीबाईंपुढे धरली.

"एक शब्द लिहा. पुस्तकात नसलेला. हिनं कधी न पाहिलेला."

शर्वरीबाईंनी थोडा विचार केला. सकाळी वर्गात एक नवं कार्ड दाखवलं होतं, तेच आठवलं. त्यांनी लिहिलं. एच, यू, टी.

"वाच, बाळ."

कस्तुरीनं मॅडमकडे पाहिलं. वाचू की नको, असं ते पाहणं होतं.

"वाच गं," त्या हळूच म्हणाल्या.

कस्तुरीनं अक्षरांवर बोट ठेवलं.

"ह... अ... ट..."

एवढं म्हणून ती थांबली. मग पेन्सिल उचलली. तिन्ही अक्षरांच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली आणि एकदम मोठ्यानं म्हणाली,

"हट!"

म्हणाली आणि जीभच चावली. मॅडमना आपण तोंडावर 'हट' म्हणालो, या धास्तीनं ती गुरुजींच्या पाठीमागे सरकली.

"न्हाई मॅडम... तुमाला न्हाई म्हनले... त्येच लिवलंय तितं!"

गुरुजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आता मात्र शर्वरीबाईंनाही हसू आवरेना. पुष्कळ दिवसांनी त्या अशा हसत होत्या.

"बरोबर आहे, कस्तुरी. हटच आहे. हट म्हणजे झोपडी."

"झोपडी व्हय!" कस्तुरीचा जीव भांड्यात पडला.

हसता हसता शर्वरीबाई मध्येच थांबल्या.

सकाळी हेच कार्ड त्यांनी अख्ख्या वर्गापुढे धरलं होतं. वर्ग एका सुरात म्हणाला होता, ह, अ, ट. आणि मग गप्प. सगळी पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली होती. त्यांनी 'हट' म्हटलं, तेव्हा वर्गानं 'हट' म्हटलं. आणि शर्वरीबाईंनी समाधानानं पुढचं कार्ड उचललं होतं.

त्या वेळी कस्तुरी दाराशीही नव्हती, पाटी धुवायला नळावर गेली होती. तिनं कार्ड पाहिलंही नव्हतं आणि शब्द ऐकलाही नव्हता.

"गुरुजी..."

गुरुजींनी हातानं थांबवलं. अंगठा जिभेला लावून ओला केला आणि शब्दावरची रेघ तेवढी पुसून टाकली. खालची अक्षरं जशीच्या तशी राहिली.

"आता वाच."

कस्तुरीनं पाटीकडे पाहिलं. मग गुरुजींकडे.

"ह... अ... ट..."

"आणि शब्द? मघाशी होता तो कुठं गेला?"

"तुमीच पुसला की, गुरुजी!"

तिच्या आवाजात सरळसरळ तक्रार होती. आपण मेहनतीनं केलेली वस्तू कुणी मोडून टाकावी आणि वर आपल्यालाच विचारावं, तशी.

शर्वरीबाईंनी पाटी जवळ ओढली. पाटीवर तीन अक्षरं होती, सुटी सुटी. त्यांच्या वर्गातल्या आवाजांसारखीच, घोटीव आणि खणखणीत.

"म्हणजे ही वाचते..." त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "ही एकटीच वाचते. बाकीचे नुसते आवाज काढतात. मी शिकवले तसे."

गुरुजींनी एक शेंग फोडली.

"मराठी कुणी शिकवलं हिला?"

"मीच. पहिलीत."

"तिथं काय सांगितलंत? शब्द कधी पुरा होतो?"

"रेघ ओढल्यावर..." शर्वरीबाई थांबल्या. "मीच सांगितलं होतं, गुरुजी. अक्षरं आधी, रेघ शेवटी. रेघ ओढली की शब्द झाला."

"मग पोरीनं ऐकलं तुमचं."

शर्वरीबाईंना वाईटही वाटत होतं, आणि त्याहून जास्त हलकं वाटत होतं. आपलं शिकवणं कुठंतरी रुजलंय, हे ऐकायला कुठल्या शिक्षकाला आवडत नाही? फक्त ते दाराशी बसवलेल्या पोरीत रुजलं होतं.

कस्तुरी तेवढ्यात पाटीवर झोपडी काढू लागली होती. शब्दाच्या शेजारीच. झोपडीवर छप्पर घातलं, आणि लगे हात शब्दावरची रेघही परत ओढली.

शर्वरीबाईंनी या वेळी पुसली नाही.

उठताना त्यांना केंद्रप्रमुख आठवले.

"उद्या साहेबांनी ही रेघ पाहिली तर?"

"फेटा बांधलाय म्हणून सांगा."

"आणि ती सोडवायची कधी, गुरुजी? कधीतरी सोडवावी तर लागेलच ना..."

गुरुजींनी टरफलं गोळा करून एका बाजूला सारली. पोतं झटकलं. कस्तुरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या ही कुठं बसणार?" त्यांनी विचारलं.

शर्वरीबाईंनी मान खाली घातली.

"...दाराशी."

"मग हिची रेघ राहू द्या, बाई. आधी एक तुमच्या वर्गावर ओढा, पार दारापर्यंत."