एका पिंपाची व्हिस्की

“तयार आहे का?”

की “झाली का तयार?” असं विचारलं होतं? विश्राम केळुसकरांना आता नक्की आठवत नाही. पंच्याहत्तरी उलटल्यावर आठवणीची हमी कुणी द्यावी? प्रश्न त्यांनीच विचारला होता आणि उत्तर आलं नव्हतं, एवढं मात्र पक्कं.

स्कॉटलंडच्या एका बेटावरची डिस्टिलरी. समुद्राला पाठ लावून उभं असलेलं दगडी गोदाम, आत ओळीने निजलेली ओकची पिंपं. त्यातलं एक टॉर्किलने तरुणपणी स्वतःच्या हाताने भरलेलं. तेव्हा तो निवृत्तीला आलेला मुख्य परीक्षक. आणि वेंगुर्ल्याचा विश्राम, रसायनशास्त्राचा डॉक्टर, स्वतःच्या नाकाचा भारी गर्व असलेला त्याचा शिष्य.

त्या एका पिंपाची व्हिस्की दुसऱ्या कशात न मिसळता बाटल्यांत भरायची होती. घाई केली तर कच्ची राहणार. उशीर केला तर लाकूड तिला गिळून टाकणार. म्हाताऱ्याचं उभं आयुष्य त्या पिंपात होतं.

टॉर्किलने ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले.

“तू सांग,” तो म्हणाला.

विश्रामने हुंगलं. “व्हॅनिला. सुकं अंजीर. मागून धूर, किंचित चामडं.”

“डॉक्टर, हे बाटलीवरचं लेबल झालं. वास सांग.”

“हाच वास आहे!”

“कुणाच्या घरातला?”

विश्राम चिडला. सकाळी याच म्हाताऱ्याने आंबूस दुधाचा चहा निमूट संपवला होता, आणि हा आपली परीक्षा घेणार! त्याने पुन्हा ग्लास उचलला...

आणि तो तसाच नाकाशी धरून राहिला.

“बोल.”

“हसाल तुम्ही.”

“हसेन. बोल.”

“फणस,” विश्राम म्हणाला. “आई पोत्याखाली झाकून ठेवायची. एका सकाळी दार उघडायच्या आधीच कळायचं, आज फोडायचा.”

“फणस म्हणजे?”

“मोठं थोरलं फळ. बाहेरून काटे, आत मधासारखे गरे. चीक असा, की हाताला तेल लावून बसायचं.”

“आणि धूर?”

“न्हाणीच्या चुलीचा. नारळाच्या सोडणांचा. त्यात समुद्राचा खारा वारा...”

टॉर्किलने आपला ग्लास केव्हाच खाली ठेवला होता. तो मिटल्या डोळ्यांनी ऐकत होता.

“तुझा फणस,” त्याने हळूच विचारलं, “कच्चा तर नाही ना?”

“नाही. आजच फोडायचा.”

टॉर्किल उठला. पिंपावर हात फिरवला, खिशातून खडू काढला आणि फुली मारली. म्हणजे पिंप उघडायचं ठरलं.

“तुम्ही तपासा ना एकदा!” विश्राम घाबरला. “माझं चुकलं तर?”

“तर आपलं चुकलं.”

चुकलं नाही. पुढे जन्मभर लोकांनी केळुसकरांच्या नाकाला मान दिला. ते मात्र प्रत्येक ग्लास उचलताना मनातल्या मनात त्या खडूच्या फुलीला नमस्कार करत आले.

बऱ्याच वर्षांनी ते पुन्हा बेटावर गेले. टॉर्किल आता नव्हता. त्याच्या मुलीने, इशबेलने, चहा दिला. त्या आंबूस दुधाची रुखरुख मनात होतीच. शेवटी धीर करून त्यांनी टॉर्किलच्या नाकाबद्दल विचारलं.

“वास?” ती म्हणाली. “ते पिंप उघडायचं ठरलं, त्याच्या आदल्या हिवाळ्यात ताप आला, तेव्हापासून बाबांना कसलाच वास येत नव्हता. तुम्हाला बोलले नाहीत?”

केळुसकरांनी कप खाली ठेवला...

“पण त्या संध्याकाळी घरी आले ते काय खुशीत! दारातूनच मला हाक मारून म्हणाले, ‘इशबेल, फणस पिकलाय.’”